सतराखालचं टिंब

अर्जात एक मोठा चौकोन होता. 'आपण रोज नेमकं काय काम करता, ते आपल्या शब्दांत लिहा.' मी पेन उघडलं आणि माझ्या दिरांना म्हटलं, "हं, भाऊजी, सांगा."

भाऊजींनी आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. शेवटी म्हणाले, "जोडतो."

"आणि?"

"आणि काय? गळलं नाही पाहिजे."

परदेशात कुशल कामगार म्हणून जायचं, तिथल्या सरकारला नऊ वर्षांच्या कामाचा पुरावा द्यायचा, आणि उमेदवार हा असा! कारखान्यात त्यांना मौनी म्हणतात ते काही उगीच नाही. मी शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकुनी केलेली बाई. माझा देवावर आहे त्याहून जरा जास्तच विश्वास कागदावर आहे. म्हणून तर धाकट्या जावेने ती फाइल माझ्या हवाली केली. देताना एवढंच म्हणाली, "ताई, हे झालं नाही तर पुढे काय, ते मला सुचतच नाही." कारखान्याची जागा विकली गेली होती, वर्षभरात कुलूप लागणार होतं. त्यात भाऊजी चाळिशीला टेकलेले, आणि चाळीस उलटली की अर्जातले गुण कापले जातात. हातात दोन महिने होते.

कारखाना दूध साठवायच्या मोठ्या स्टीलच्या टाक्यांचा. साहेबांचं अनुभवाचं पत्र आलं आणि ते वाचून माझं डोकंच फिरलं. पहिली सहा वर्षं ग्राइंडरवर, नंतरची तीन वर्षं वेल्डर. अर्जाला वेल्डर म्हणून पाच वर्षं हवी होती.

"भाऊजी, सहा वर्षं तुम्ही नुसत्या टाक्याच घासत होतात?"

"दोन."

"मग मधली चार?"

भाऊजी उठून पाणी प्यायला गेले. तहान लागली नव्हती, हे मलाही कळलं. मग जावेनेच सगळं सांगितलं.

तिथली पद्धत अशी, की ज्याने जोड मारला त्याने शेजारी पंचाने, म्हणजे आकड्याच्या पोलादी ठशाने, आपला नंबर ठोकायचा. टाकी गळली तर कुणाची मान धरायची, ते कळावं म्हणून. भाऊजींना काम शिकवणाऱ्या उस्तादांचा नंबर सतरा. तीस वर्षांत सतरा नंबरची एकही टाकी परत आली नाही. पण शेवटच्या चार वर्षांत उस्तादांची नजर गेली. साहेबांना कळतं, तर पेन्शनची वर्षं पुरी व्हायच्या आत त्यांना घरी बसवलं असतं. वेल्डिंग पडद्याआड चालतं, त्याचा फायदा झाला. आत जोड भाऊजी मारायचे, नंबर उस्ताद ठोकायचे. रजिस्टरात भाऊजी मात्र ग्राइंडरवरच राहिले.

"मग त्यांच्याकडून तसं लिहून आणा. साहेबांना दाखवू."

"नाही."

"का नाही?"

त्या दिवशी भाऊजी चक्क चार-पाच वाक्यं सलग बोलले. "मी शब्द दिलाय, वहिनी. त्यांच्याकडे आता तेवढंच आहे. कारखान्यात भिंतीवर फोटो आहे त्यांचा. खाली लिहिलंय, तीस वर्षं, एकही टाकी गळली नाही. त्यातली चार वर्षं मी परत मागू?"

घ्या! हरिश्चंद्राने अवतार घ्यायला नेमकं आमचंच घर निवडलं होतं. मी खूप बोलले, बायकोमुलीचा विचार करा म्हटलं, फाइल आपटली. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलं होतं, म्हणून जास्त चिडले. दुसऱ्या दिवशी शाळेत अर्धी रजा टाकली आणि कुणालाही न सांगता उस्तादांचं घर गाठलं.

उस्ताद खिडकीशी खुर्चीत बसले होते. हातात स्टीलचा रिकामा पेला, आणि बोट त्याच्या कडेवरून फिरत होतं. त्यांच्या मुलीने मी कोण ते सांगितलं.

"मौनीची वहिनी? तो सांगतो की तुमच्याबद्दल."

"भाऊजी? सांगतात?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

मग मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्यांचं बोट पेल्यावर थांबलं. मला वाटलं, आता हे म्हातारे रडतात की काय, की मला हाकलून देतात.

"तीन वर्षं वाट बघतोय, तो कधी विचारतो याची," उस्ताद म्हणाले. "बाई, दुसऱ्याच्या कामावर आपला नंबर ठोकायचा म्हणजे हात धजेना माझा. म्हणून त्याच्या प्रत्येक जोडावर मी सतराच्या खाली एक टिंब मारायचो. दिसत नव्हतं, पण बोटाने चाचपून बरोबर खाली. टिंब म्हणजे नंबर माझा, पण जोड त्याचा. जा, बघून या. चार वर्षांच्या सगळ्या टाक्यांवर आहे."

मी घरी तरंगतच आले. दारातूनच ओरडून सांगितलं. जावेने हात जोडले. भाऊजी मात्र मटकन खाली बसले.

"टिंब?"

"हो, टिंब! प्रत्येक जोडावर!"

"वहिनी, ते मी घासून टाकायचो."

त्यांना वाटायचं, उस्तादांचा हात घसरतो. साहेबांच्या नजरेला ते पडू नये, म्हाताऱ्याची अब्रू जाऊ नये, म्हणून रोज सुट्टीआधी भाऊजी हलकेच ग्राइंडर फिरवायचे. चार वर्षं. बावीस वर्षांच्या कारकुनीत मी कागद खाणारे उंदीर पाहिले, वाळवी पाहिली. पण आपल्याच हाताने आपला पुरावा पुसणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. रागवायला तोंड उघडलं, आणि मला रडूच आलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाऊजी स्वतः उस्तादांकडे गेले, मी मागोमाग. त्यांनी मान खाली घालून कबुली दिली. उस्ताद खोकला लागेपर्यंत हसले.

"म्हणजे मी मारतोय आणि हा पुसतोय!" मग एकदम थांबून म्हणाले, "टाकीच्या पायांच्या जोडावरचं, आतल्या बाजूचं टिंबही पुसलंस?"

भाऊजींनी वर पाहिलं. "तिथे ग्राइंडर पोचत नाही."

दुसऱ्या दिवशी उस्ताद भाऊजींचा दंड धरून तीन वर्षांनी कारखान्यात आले. आवारात एक जुनी टाकी होती, पाणी भरायला ठेवलेली. इस्त्रीच्या कपड्यांतले साहेब टॉर्च घेऊन तिच्याखाली उताणे आडवे झाले. "सतरा," आतून आवाज आला. मग, "आणि खाली टिंब."

स्वतःच्या फोटोपुढे उभं राहून उस्ताद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटची चार वर्षं माझी टाकी गळली नाही ती याच्यामुळे. माझी नजर गेली होती. तसं लिहा." ते खचलेले वाटले नाहीत मला. उलट खांद्यावरचं काही उतरवल्यासारखे ताठ उभे होते.

साहेबांनी डेअऱ्यांना फोन केले, टाक्यांच्या पायांचे फोटो मागवले. चौदा टाक्या सापडल्या, चारही वर्षांतल्या. उस्तादांनी सांगितलेलं मी कागदावर लिहून काढलं आणि बोट धरून त्यांची सही घेतली. नवीन पत्र आलं, त्यात सात वर्षं वेल्डर. त्या मोठ्या चौकोनात मी पानभर मजकूर लिहिला, तरी पहिला शब्द 'जोडतो' हाच ठेवला.

अर्ज मुदतीत गेला आणि पाच महिन्यांनी मंजुरी आली. कामाच्या शेवटच्या दिवशी भाऊजी उस्तादांना कारखान्यात घेऊन आले आणि आपल्या शेवटच्या टाकीवर त्यांचा हात ठेवला. उस्तादांनी जोडावरून बोट नेलं. मग नंबरावर आले. भाऊजींचा नंबर बत्तीस. तीन, दोन, आणि बोट खाली घसरून थांबलं. तिथे एक टिंब होतं.

"हा जोड तर तुझाच आहे की रे," उस्ताद म्हणाले. "घासून टाक ते."

"नाही," भाऊजी म्हणाले. "आता नाही घासणार."