फाटकासमोरची जागा

नाताळ जवळ आला की आमच्या पाणंदीतल्या घरांना दुपारी ऊन खालून लागतं. कडेला ओळीने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या काचांवर सूर्य आपटतो आणि तिथून उसळलेला प्रकाश पडवीत शिरून कौलांच्या पोटाशी थरथरत राहतो. जिथे एरवी वर्षभर कोळिष्टकं आणि काळोख एकमेकांच्या सोबतीने सुखात नांदतात, तिथे ही पांढरी, चंचल कवडशांची जाळी. नव्या माणसाला हे दृश्य मनोहर वाटेल. मलाही वाटायचं. समुद्राचं पाणीच घरात आलं आहे, अशा भ्रमात मी कितीदा तरी बाकावर पडून वर बघत राहिले आहे. आता मात्र कौलांखाली तो उजेड हलताना दिसला की मी आधी उठते, बाहेर जाते आणि गाडी कुणाच्या फाटकासमोर लागली आहे ते पाहून येते.

मालवणच्या किनाऱ्यालगत राहून पर्यटकांबद्दल कुरकुर करू नये, हे मला कळतं. आम्हीही दोन खोल्या भाड्याने देतो, आमच्याही चुलीवर त्यांच्यासाठी सुरमई तळली जाते. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यांतली मी नव्हे. पण राग येतो, तो येतोच! "फाटकासमोर गाडी लावू नये" ही पाटी आमच्याकडे आता घरोघरी आहे. काही पाट्या विनवतात, काही दरडावतात. एका घराने "चाकातली हवा सोडली जाईल" असं लिहून खाली "आपला नम्र" असंही लिहिलं आहे. कुणी फुटकी बादली ठेवतं, कुणी तीन पायांची खुर्ची. आणि गाडीवाले? ते खाली उतरतात, बादली अदबीने बाजूला करतात, गाडी लावतात आणि समुद्राकडे निघून जातात.

खरं तर ती जागा कुणाची? घरवाल्याची नव्हे; रस्ता सरकारी. सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नाही, तिचा सारा कोणी भरत नाही. मग तिच्यावर हक्क सांगायचा तो कोणत्या तोंडाने? मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि मला वाटतं, हे भांडण जमिनीचं नाहीच. उंबरठ्यावर बसू नये असं लहानपणी मोठी माणसं सांगत, तेव्हा ती काही लाकडाची काळजी करत नव्हती. घरातून कुणाला तरी बाहेर पडायचं असेल, बाहेरून कुणाला तरी आत यायचं असेल, त्या अज्ञात येणाऱ्या-जाणाऱ्याचा मान म्हणून ती चार बोटं मोकळी ठेवायची असतात. किनाऱ्यावर जाऊन बघा. होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या असतात, दाटीवाटीने, एकीची सावली दुसरीवर पडेल इतक्या जवळ. पण प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकापासून पाण्यापर्यंत वाळूची पट्टी मोकळी असते. दुसऱ्याच्या होडीपुढे आपली होडी आडवी टाकलेली मी आजवर पाहिलेली नाही. तिथे एकही पाटी नाही. होडीचा मालक महिनाभर आजारी असला, तरी ती पट्टी त्याचीच राहते, कारण समुद्रावर जायचं कधी कुणाच्या मनात येईल, हे दुसऱ्याने कसं ठरवायचं?

हे सगळं मला पास्कूकाकांनी शिकवलं असं म्हणायला हरकत नाही, जरी ते शिकवायला असे कधी बसले नव्हते. आमच्या शेजारचं घर त्यांचं; ते आणि रोझमावशी. मुलगा जहाजावर, मुलगी म्हापशाला दिलेली. काका रापणीचे. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंनी दोर खेचत अवघं जाळं वाळूवर आणायचं, पन्नास माणसांचं एक काम. आणि त्या पन्नास माणसांचे हात एका क्षणी हलावेत म्हणून जो साद घालतो, तो माणूस म्हणजे पास्कूकाका. ओढ रेऽऽ होऽऽ! पहाटे तो आवाज ऐकून आम्ही चहाचं आधण ठेवत असू. पुढे अर्धांगाने ते खाटेला खिळले आणि मावशी त्यांच्या उशाशी. दुकानाला, दळणाला जायचं झालं, तर ती विहिरीकडच्या कुंपणातल्या खिंडारातून आमच्या आवारात यायची आणि आमच्याच दारातून बाहेर पडायची. त्यांचं स्वतःचं फाटक उघडायची वेळच येईना. बिजागऱ्या गंजल्या, कृष्णकमळीची वेल गजांमधून विणली गेली. ती फुलली की सुंदर दिसायची, म्हणून कुणी तोडलीही नाही.

गेल्या वर्षी नाताळ चार दिवसांवर आला असताना काका गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, न्यायचं होतं. माणसं सकाळपासून जमत होती आणि सगळी सवयीने आमच्याच आवारातून जात होती. मागच्या अंगणात बसत होती. पेटी झाकली, घंटेचा पहिला टोला ऐकू आला, आणि खांदेकरी फाटकाशी येऊन थबकले. वेलीपलीकडे, फाटकाला अगदी खेटून, एक भलीमोठी पांढरी गाडी उभी होती.

काचेच्या आत कागदावर फोन नंबर लिहिलेला होता. सभ्य माणूस असावा! कुणीतरी तो नंबर लावला, आणि गाडीच्याच पुढच्या आसनावर एक फोन वाजू लागला. मालक, हे संध्याकाळी कळलं, बोटीतून किल्ला बघायला गेला होता. पाण्यात भिजायला नको म्हणून फोन मागे ठेवून. आम्ही सगळे काचेतून त्या उजळणाऱ्या फोनकडे बघत उभे होतो. इतकी असहाय मी क्वचित झाले असेन.

मी मावशीला म्हटलं, आमच्या आवारातून न्या, तुळशीपुढून न्या, आम्हाला काही वाटणार नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या अंगणातून प्रेत नेत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. तिने माझा हात धरला. "नको गो. तुझी माया माका कळता. पण जन्मभर तो ह्याच फाटकातसून दर्यार गेलो. आता कोणाच्या आवारातसून चोरावानी जातलो काय?" तिचा आवाज चढलेला नव्हता. पण त्या एका वाक्यानंतर दुसऱ्या वाटेचा विषय कुणी काढला नाही.

तेव्हा बाबलदादा पुढे झाले. काकांच्या शेजारी दोर धरून त्यांचं आयुष्य गेलेलं. "उचलूया," ते म्हणाले. "होडयेपरीस जड थोडीच आसा?" वेल कापली, फाटक हिसकून उघडलं, आणि रापणीचे दहा-बारा गडी फटीतून अंग चोरून बाहेर पडले आणि गाडीच्या मागच्या बाजूला भिडले. पण गाडी हलेना. कशी हलणार? प्रेत दारात असताना ओरडायचं कसं, म्हणून सगळे मुकाट जोर लावत होते, आणि साद नसताना ओढायची सवय त्यांच्यातल्या एकालाही नव्हती. एक उचलायचा तेव्हा दुसरा श्वास घेत असायचा. दांडगे, समुद्राला न भिणारे ते पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघत गोंधळले होते. त्यात गाडीला हिसका बसून तिचा भोंगा सुरू झाला. एका बाजूला घंटेचा टोला, दुसऱ्या बाजूला तो निर्लज्ज, कर्कश कोलाहल, आणि मध्ये पेटीत पास्कूकाका! मला वाटलं, मावशी आता खाली बसेल.

ती बसली नाही. पायरीवरून ती ओरडली, "गाडी बोंबलता, आणि तुमी कित्याक गप रे? साद घालून ओढा! तेका गप रवलेलां कधी खपलां नाय!"

बाबलदादांनी डोळे पुसले आणि छाती भरून साद घातली. ओढ रेऽऽ! त्यामागोमाग सगळ्यांचा होऽऽ उठला, आणि गाडीचं मागचं अंग उचललं गेलं, वीतभर सरकलं. पुन्हा साद, पुन्हा वीतभर. भोंगा त्या आवाजात कधी विरला ते कळलंही नाही. मावशी ओठ हलवत होती. ती प्रार्थना म्हणत होती की तीच साद, हे मी सांगू शकणार नाही. वाट मोकळी झाली आणि पास्कूकाका आपल्या फाटकातून, आपल्या माणसांच्या खांद्यावरून बाहेर पडले. मी रडत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला त्या रडण्यात आनंदही होत होता.

गाडीचा मालक संध्याकाळी आला. पोर खांद्यावर झोपलेलं, बायको मागे. गाडी तिरपी झालेली पाहून त्याने आमच्या दाराशी येऊन विचारलं, आणि मी दुपारपासून तोंडात घोळवलेलं सगळं त्याला ऐकवायला सुरुवात केली. अर्ध्यातच त्याचा चेहरा असा उतरला की माझे शब्द आपोआप थांबले. "माफ करा," तो म्हणाला. "खरंच कळलं नाही हो. फाटकाला गंज, वर वेल... आम्हाला वाटलं, बंद घर आहे. इथे कुणी राहत असेल असं वाटलंच नाही."

दफन आटपून परतलेली रोझमावशी कुंपणापाशीच उभी होती. तिने ते ऐकलं. शिव्या नाहीत, शाप नाही. ती नुसती म्हणाली, "आमी आसंव रे बाबा. हयसरच आसंव."

त्या दिवशीही "आमी".

त्याच्यावर मी नंतर रागावू शकले नाही. कोकणात अर्धी घरं कुलपातच असतात. परक्याने उघडं कोणतं आणि मिटलेलं कोणतं, हे ओळखायचं कसं? आणि परक्याचं काय घेऊन बसलात, त्या दिवशी सकाळपासून शंभरेक माणसं आमच्या आवारातून गेली, त्यांत एकालाही त्या घराला फाटक आहे याची आठवण झाली नव्हती. मलासुद्धा नाही. माणूस आत आहे हे आपण विसरतो, ते काही एकदम नव्हे. तो बाहेर यायचा थांबला की त्याच्या दारासमोरची जागा आपण हळूहळू आपली समजू लागतो. दुसऱ्याचं फाटक अडवू नये, ही रीत मला आता रहदारीची वाटत नाही. आत कुणीतरी आहे आणि ते कोणत्याही क्षणी निघू शकतं, एवढा विश्वास म्हणजे ती रीत.

मुलगी आठवडाभर राहिली. "घराक कुलूप लाव आणि माझ्यावांगडा चल," असं रोज सांगत होती, आणि तिचंही चूक नव्हतं. मावशी तिला गाडीपर्यंत पोचवून आली आणि येताना तिने फाटकाची दोन्ही दारं सताड उघडून त्यांना चिरे टेकवून ठेवले. तेव्हापासून ती उघडीच आहेत. गुरं आत शिरतात, तिची लाल भाजी फस्त करतात. निदान रात्री तरी लाव, म्हणून मी चिडले, तर म्हणाली, "खाऊंदेत गो. भाजी परत येतली. घर उघडां दिसाक होया." दुपारी ती पडवीत खुर्ची टाकून बसते, रस्त्यावरून दिसेल अशी.

परवा एक गाडी तिच्या फाटकासमोर येऊन थांबली. मी माझ्या पडवीतून उठलेच होते. गाडीवाल्याने काच खाली केली, आत पाहिलं, मावशीला पाहिलं, आणि गाडी पुढे नेऊन माडाखाली लावली. बस, एवढंच. पण मावशी खुर्चीतून उठली होती, आणि कुणी ओळख दाखवली की आपण करतो तसा तिने हात वर केला.