दोनदा आपटलेलं दार

नोकरीत हाताळलेले कितीतरी गुन्हे आता पुसट झालेत. ही घटना मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

सिंहगड रस्त्याच्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी रुग्णालयातून डॉक्टरबाईंचा फोन आला. "धायरीच्या एका बाईंची उजव्या हाताची तीन बोटं चिरडलीत. वाऱ्यानं दार आपटलं म्हणतात. पण साहेब, वळ दोन आहेत."

बोटं एकदा सापडली की माणूस हात ओढून घेतो. दार पुन्हा लागलं, म्हणजे ते कुणीतरी लावलं होतं.

बाई तबलावादक होती. नवरा तबल्याचा क्लास चालवायचा. तिचा गुरूही तोच. आम्ही रुग्णालयात गेलो तेव्हा खाटेशेजारी बसून तो तिला पाणी पाजत होता. "वाऱ्यानंच लागलं," तिनं खाली बघत जबाब दिला.

घराचा पंचनामा केला. दार जड, सागवानी. आसपास खिडकीच नव्हती. वारा यायचा कुठून?

नवऱ्याला ठाण्यात बोलावून चहा दिला. बोलक्या माणसाला थांबवू नये, हा माझा नियम.

"अहो साहेब, बाईमाणूस तबला घेऊन बसलं की लोक नाकं मुरडतात. मी स्वतः शिकवलं तिला. आपण कोणालाही विचारा."

"येत्या मैफलीत साथ कुणाची होती?"

त्यानं कप खाली ठेवला. आयोजकांनी त्याला वगळून तिला बोलावलं होतं, हे मी आधीच विचारून घेतलं होतं.

"तिची," तो शेवटी म्हणाला. "आणि मी काय, सतरंज्या उचलायच्या?"

हेतू कळला, पण तेवढ्यावर कोर्टात काही टिकत नाही. बाई जबाब बदलेना. घरात तिसरं माणूस एकच, नवऱ्याची आई. ती मुलाचीच बाजू घेणार, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या महिला उपनिरीक्षक साध्या वेशात तिच्याजवळ जाऊन बसल्या. म्हातारी बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"मी स्वयंपाकघरातून पाहिलं. ती किंचाळली, तरी त्यानं दार सोडलं नाही. परत ओढलं. लिहून घ्या, मी सही करते."

"आजी, पोटच्या मुलाविरुद्ध बोलताय. नीट विचार केलाय ना?"

"मुलगा माझाच आहे हो. म्हणून तर मीच सांगायला हवं."

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही तिनं तेच सांगितलं. ते कळल्यावर सून खूप रडली, आणि मग तिनंही खरं काय ते सांगितलं. नवऱ्याला जबर दुखापतीबद्दल शिक्षा झाली. सासू-सुना दोघी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात भाड्याच्या घरात राहायला गेल्या.

बायकोला उंबरा ओलांडू न देणारे नवरे मी पुष्कळ पाहिले होते. पण तिला हाताला धरून पुढे आणणारा माणूस, ती आपल्याही पुढे गेल्यावर काय करू शकतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं. गुन्हेगार शोधणं आमचं काम. ते झालं. त्यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा त्यांच्याकडे गेलो. सून तोंडानं बोल सांगून मुलींना शिकवत होती. एकीचं चुकलं. दाखवायला तिनं तबल्यावर हात ठेवला. दोन बोटं वळलीच नाहीत. तिनं हात मांडीवर घेतला आणि तोच बोल पुन्हा सांगितला.