दाईकडून परत आलेलं मूल

मुलीच्या शाळेच्या असाइनमेंटसाठी आम्ही दोघी श्रूजबरीजवळच्या एका म्युझियममध्ये गेलो होतो. तिला अठराव्या शतकातलं एक फ्रेंच चित्र निवडायचं होतं. फळाफुलांची, राजवाड्यांची इतकी चित्रं सोडून तिने नेमकं हेच निवडलं.

साधंसं घर. खेड्यातली दाई दोन वर्षं सांभाळलेलं मूल परत घेऊन आलीय. आई हात पसरून उभी, आणि मूल दाईच्या एप्रनमध्ये तोंड खुपसून बसलंय. खाली पाटी होती: पॅरिसच्या कष्टकरी बायका तान्ही मुलं अशी दाईकडे ठेवत, आणि चित्रकार त्यांना त्यांच्या निष्काळजीपणाची जाणीव करून देतोय.

माझं डोकंच फिरलं. म्हणे निष्काळजीपणा! कोपऱ्यात इस्त्रीच्या कपड्यांचा हा एवढा ढीग. ते करताना तिने मूल ठेवायचं कुठे? बाप मागे खुर्चीत आरामात बसलाय, त्याला मात्र कोणी काही म्हणत नाही.

चिडायला कारण होतं. ही आठ महिन्यांची असताना मी तिला नागपूरला माझ्या आईकडे ठेवलं होतं. माझ्या आणि नवऱ्याच्या इथल्या नोकऱ्या व्हिसावर, डेकेअरमध्ये ती सारखी आजारी. दोन वर्षांनी आई तिला घेऊन आली. एअरपोर्टवर मी हात पुढे केले, तर हिने आईच्या साडीत तोंड लपवलं. पुढे पाच आठवडे ती आईच्याच हातून जेवली, आईच्याच कुशीत झोपली. मी ऑफिसातून आले की रडायला लागायची. हे सगळं आम्ही तिला नेहमी हसत हसत सांगायचो.

मुलगी चित्रासमोर बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. मग म्हणाली, "आई, सगळे त्या मदरकडेच बघतायत. नर्सकडे कोणीच नाही. आता ती एकटीच परत जाणार ना?"

"हो."

"मग आजी? ती सिक्स मंथ्स राहणार होती ना? फाइव्ह वीक्समध्येच का गेली?"

आईच्या पासपोर्टवर सहा महिने राहण्याच्या परवानगीचा शिक्का होता. तिकीट मी अलीकडचं करून घेतलं होतं, तिला न विचारता. तिने मुलीला भात किती मऊ लागतो ते मला दोनदा करून दाखवलं आणि बॅग भरायला घेतली.

"व्हिसा तेवढाच मिळाला होता," मी म्हणाले.

मुलीने ते वहीत लिहून घेतलं.