मानेतून की बरगडीतून

शंकरप्पाची हयात मार्केट यार्डात पोती टोचण्यात गेली. पोकळ, टोकदार सळई तुरीच्या पोत्यात खुपसायची, फिरवून ओढायची. नमुन्याचे दाणे तळहातावर. मग अंगठ्यानं ताग चोळला की भोक गायब. म्हणून डॉक्टर आफरीन तपासायला लिव्हरचा तुकडा काढायचा म्हणाल्या, तेव्हा तो दचकला नाही.

"बरगडीतनं सुई घाला की बाई. वर चोळतो अन् जातो घरला."

"पोत्यासारखं नाही ते, काका. पोटात पाणी साठलंय, रक्त लवकर गोठत नाही. तिथून टोचलं तर आत वाहतच राहील. दुर्बिणीनं करायचं तर भूल द्यावी लागेल, ती झेपायची नाही. आपण मानेच्या शिरेतून नळी घालू, तिथून लिव्हरच्या शिरेत. तुकडा आतूनच घेऊ. रक्त आलंच तर शिरेतच राहील. पण सोबत कुणीतरी आणा."

तिथंच घोडं अडलं. बायको गुरम्मा गेल्यापासून कुंभारी गावातल्या खोलीत तो एकटाच. डोळे पिवळे झाले, पोट सुटलं, तसं यार्डानं ठरवूनच टाकलं: दार लावून पितोय. चहाला हाक मारणारेही पांगले. थेंबाला न शिवलेला माणूस! तुकडा तपासला की खरं काय ते कळेल, एवढ्याच आशेवर तो मान द्यायला तयार झाला होता.

शेवटी त्यानं मौला हमालाला गाठलं. एकाच गाळ्यावर दोघांची उमर गेलेली.

"येतो की," मौला म्हणाला. "पण आता तरी सोड बाबा ती बाटली."

"मौला, तू तरी कधी बघितलंस का मला पिताना?"

"समदे म्हणत्यात की रे."

सकाळी मौला आला खरा. कागदावर अंगठा दिला, शंकरप्पाची चप्पल उचलून पलंगाखाली सारली. तेवढ्यानंही शंकरप्पाला बरं वाटलं.

आत न्यायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी मौलालाच बाजूला घेऊन विचारलं, "हे दारू घेतात का?"

शंकरप्पानं कान टवकारले.

मौला फरशीकडं बघत हळूच म्हणाला, "थोडी थोडी घेत असंल, बाई. एकला माणूस हाय."

शंकरप्पाला टेबलावर घेतल्यावर नर्सनं मान डावीकडं वळवायला सांगितली. त्यानं मुकाट वळवली.