पाटीवरचे पाच आकडे

लोक म्हनतात, कंचनबाई चौथीच शिकली. शिकलेल्यायचं कवतिक मले सांगू नका. सन बहात्तरात रिसोडात माही अब्रू वाचवली ते तिनंच.

मी जगदेव, चंपालालजींच्या अडतीवर कामाले. त्यायचा भाऊ दुलीचंद अकोल्याहून तुरीच्या भावाची चिठ्ठी मोटारीनं पाठवे. दहा हातांतून येनारी चिठ्ठी, म्हनून अक्षरं बदलून लिहीत. पाच-पाच अक्षरांचा गट. क, ख, गच्या ओळीत पयलं अक्षर तीन घरं पुढचं लिहायचं, दुसरं सहा, असे पाच आकडे ठरलेले. काना-मात्रा अन् जोडाक्षराचा र तसाच. ते आकडे म्हंजे चाबी. ती दोघा भावायले अन् मले, तिघायलेच ठाऊक.

तरी आमचे भाव आमच्याआधी बाजारात फुटू लागले. मंग दोष कोनाचा? गरिबाचा. "जगदेव, चाबी तूच इकली," चंपालालजी भर दुकानात म्हनाले अन् मले काढलं. वीस वर्सं इमानदारी केली होती म्या.

कंचनबाई त्यायची सून. तिनं सासूले, गुलाबबाईले, म्हटलं, "चाबी कोनी इकावीच लागत नाही. चिठ्ठीतूनच निघते. बापूजींले म्हना, नवी चाबी ठरवा. जगदेवभाऊले सांगू नका, मले बी नका सांगू."

चंपालालजी हसले, पन भावाले कळवून चाबी बदलली. नवी चिठ्ठी त्यायनं सोता मोटारीवरून आनली. मले बी घरी बोलावलं होतं.

कंचनबाई तांदूळ निवडून राह्यली होती. सूप बाजूले सारलं अन् चिठ्ठी घेतली. सुरुवातीलेच "ठल णिपेंब्र". बोटावर मोजत गेली. सासऱ्यासमोर बोलायची रीत नाही, म्हनून पाटीवर लिहून सासूच्या हाती देली: चार, दोन, सात, एक, पाच.

चंपालालजींचं तोंड पाहाले पाह्यजे होतं. बरोबर होते ना आकडे!

"कसं काढलं, विचार तिले," ते गुलाबबाईले म्हनाले.

पदराआडून उत्तर आलं, "सांगा त्यायले, आपली हरेक चिठ्ठी 'जय जिनेंद्र'नंच सुरू होते. पाच अक्षरं, पुरा एक गट. 'ज'चा 'ठ' झाला म्हंजे चार घरं. आपली रीत साऱ्या बाजाराले ठाऊक हाय."

"मंग देवाचं नाव सोडून द्याचं?"

"कायले? वर उघडं लिहा. ते कोनापासून लपवता?"

चंपालालजीनं पाटी खाली ठेवली. मंग उठले, मले दुकानात नेलं अन् साऱ्या गिऱ्हाइकांसमोर म्हनाले, "चुकलं माह्यं, जगदेव. उद्यापासून चिठ्ठी तूच आन." मी रडलो. लाज कायची त्यात?

तवापासून दर दिवाळीले चाबी कंचनबाईच ठरवे. आधी मले सांगे, मंग सासूच्या हातानं सासऱ्याले.