हायड्राला आवतण

कवडू,

फोनवर तू नुसतं 'हो बाई, हो बाई' करतोस, म्हणून लिहायला बसले. सौंसरच्या शाळेत तुला शिकवलंय, रागावायचा हक्क माझा आहेच. पण तुझी गोष्ट तुलाच सांगून काय होणार? जे तुला वेडा म्हणतात त्यांना ती नीट कळू दे. यापुढचं त्यांच्यासाठी.

तर हा कवडू लोधीखेड्याचा. घरी कापूस आणि संत्री. बापानं बैलजोडी विकली, ट्रॅक्टर भाड्यानं बोलावू लागला, तेव्हापासून घरचा पोळा सुना. पोरगा बैलवेडा, पण यंत्रावरही हात बसलेला. नागपूरला मेट्रोच्या कामावर तो हायड्रा चालवायला लागला. हायड्रा म्हणजे पिवळी क्रेन. लांब मान काढून ओझं उचलते आणि ते घेऊनच चालू लागते. काम ठेकेदाराकडचं, केव्हाही सुटणारं. पण मेट्रो वाढत चालली होती, खांबांमागून खांब उठत होते. पोळा झाला की तुला पक्कं करतो, असं गौरवसाहेबानं सांगितलं होतं. साहेब पुण्याकडचा, इंजिनिअर. कवडूची बायको सुचिता नागपुरात खोलीही पाहून राहिली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. हळद-तुपानं बैलांचे खांदे चोळायचे आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मग दुसऱ्या दिवशी त्या मानेवर जू ठेवत नाहीत. संध्याकाळी हायड्रा धुता धुता कवडूचा हात घरून आलेल्या तुपाच्या डबीत गेला. मानेच्या सांध्याला हळद-तूप चोळलं आणि आवतण देऊन बसला.

सकाळी गौरव घाईघाईनं आला. सणामुळे रस्ता रिकामा, म्हणून रस्ता बंद ठेवायला मुद्दाम पोळ्याचाच दिवस त्यानं पोलिसांकडून मागून घेतलेला. दुपारपर्यंत खांबाचा सळयांचा पिंजरा उभा व्हायला हवा होता. कवडू किल्ली देईना.

"अरे, यंत्र आहे ते. त्याला काय कळतं?"

"काल आवतन देलं मी त्याले, साहेब. जेवाले बलावून त्याच मानेवर वझं कसं ठेवू? उद्या म्हणसान तर रातभर चालवतो."

"उद्या रस्ता कोण देणार? तुझा बैल?"

कामावरची पोरं हसली. कवडूही हसला, पण किल्ली खिशातच राहिली. दुसरी क्रेन येईपर्यंत रस्ता पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी कवडूचं काम सुटलं. गौरव काही वाईट नव्हता. वरून त्यालाही बोलणी बसलीच.

मला विचाराल तर चूक कवडूचीच. आवतण देण्याआधी साहेबाला विचारायला तोंड नव्हतं का? पण त्याला त्या वेळी नोकरी आठवलीच नाही, दावणीचे बैल आठवले. त्याला वेडा म्हणणाऱ्यांच्या अंगणातले बैल कधीच गेले, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

आता तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. खोलीचं नाव सुचिता काढत नाही. हायड्रा मात्र ठेकेदाराबरोबर भोपाळला गेली. तिथेही मेट्रो होते आहे. यंदा पोळ्याच्या तोंडावर कवडू पांढुर्ण्याला माझ्या घरी आला.

"बाई, तुमी केतकीताईकडे भोपाळले चालल्या ना? तेवढं आवतन देऊन याजा. मानेच्या डाव्या बाजूले पोचा हाय, वळखू येते."

"या वयात मी क्रेनच्या कानात बोलू?"

"तुमाले कोन हटकते, बाई?"

बरं म्हटलं मी. भोपाळला माझ्या पोरीला, केतकीला, घेऊन मेट्रोच्या कामावर गेलेही. पत्र्याच्या कुंपणाआड पिवळ्या माना हलत होत्या, एकीसारखी दुसरी. पहारेकऱ्याशी हुज्जत घातली, त्यानं फाटक काही उघडलं नाही. संध्याकाळची माझी गाडी होती. आवतण द्यायचं राहिलं, कवडू.