‘गरीब’चा दुसरा अर्थ

घस्सानची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून कधीतरी ऐकली असेल. फ्रँकफर्टच्या आसपासच्या मराठी घरांत जेवणं आटोपली, की कुणीतरी म्हणतंच — अहो, ती शिंप्याची सांगा ना. मग मी उठतो, ते तपकिरी जाकीट अंगावर चढवतो, आणि पुढची वीस मिनिटं श्रीखंडाकडेसुद्धा कुणी बघत नाही. पण ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. माझ्या बायकोला, शुभदाला, तर नाहीच नाही.

आल्झो, म्हणजे ‘तर मग’ — सुरुवात करतो. मला सुरुवात करायला कधी वेळ लागत नाही, आज लागतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

दोन हजार चार-पाचचा सुमार. मी एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो, पण ते फक्त पोटापुरतं. माझा खरा हुद्दा वेगळा होता. गणपती असो, कोजागिरी असो, हॉलमध्ये मधोमध उभा राहून नकला करणारा, गोष्टी रंगवणारा माणूस म्हणजे मी. त्या जागेवर दुसरं कुणी कधी उभंच राहिलं नव्हतं. एकच दुखणं होतं. शुभदा हसत नसे. माझ्या सगळ्या गोष्टी तिला पाठ. शेवट जवळ आला, की तिचे ओठ माझ्याआधी हलायचे, आणि नेमक्या टाळीच्या वाक्याला ती पाण्याचा जग भरायला उठायची. पंधरा वर्षांच्या संसारात हे चालायचंच, असं मी म्हणायचो. म्हणायचो — पण त्या जगाकडे बघत म्हणायचो.

आमच्या वरच्या मजल्यावर घस्सान राहायला आला. मूळचा दमास्कसचा, पन्नाशीचा, स्टेशनजवळ कपडे आल्टर करून द्यायचं छोटंसं दुकान. बायको-मुलं तिकडेच, कागदपत्रांची वाट बघत. बाल्कनीत त्याने ही मोठी छत्री बसवली होती आणि तिच्यावर त्याला सगळे अरबी चॅनेल दिसायचे. जिन्यात ओळख झाली ती शब्दांवरून. आमच्या भाषेत त्याचे किती शब्द आहेत, याचा त्याला कोण आनंद. हिशोब, वकील, अक्कल, खबर — मी एकेक म्हणायचो आणि तो कठड्यावर हात आपटायचा. ‘मस्करी’ म्हणालो, तेव्हा तर त्याने मला मिठीच मारली. आणि पहिल्याच आठवड्यात, तिथेच जिन्यात, एक शब्द चुकला. मी म्हणालो, ‘गरीब’ आमच्याकडे म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. तो म्हणाला, नाही नाही, आमच्याकडे घरीब म्हणजे परका. जो इथला नाही तो. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग माझ्या. “तू घरीब, मी घरीब. जर्मन नाही.” आम्ही दोघं खूप हसलो.

हा शब्द लक्षात ठेवा. मी तर ठेवलाच होता.

रमजान आला. तेव्हा मला कळलं, की अरबी टीव्हीवर रमजान म्हणजे आपल्याकडचा दिवाळी अंकांचा मोसम. महिनाभर रोज एक भाग, तीस दिवसांत मालिका पुरी. आणि त्यातल्या उत्तम मालिका विनोदी, पण असा विनोद की वरून गुदगुल्या आणि आतून टाचणी. सरकारी कचेऱ्या, खबरे, साहेब, साहेबाचा मेव्हणा — सगळ्यांची चंपी. घस्सानचा उपास सुटला, की तो कात्रीने हीटरच्या पाइपवर दोनदा टकटक करायचा. तो पाइप आमच्या बैठकीतून वर जायचा. टकटक ऐकू आली, की मी आणि शुभदा चिवड्याचा डबा घेऊन वर.

भाग संपला, की घस्सान टीव्ही बंद करून तो आम्हाला जर्मनमध्ये पुन्हा करून दाखवायचा. त्याच्या जर्मनमध्ये डेर, डी, डास, म्हणजे नामाचं लिंग दाखवणारं, काही नव्हतंच. क्रियापदं तो वाटेल तिथे टाकायचा. आणि तरी — काय सांगू. एक भाग मला आजही जसाच्या तसा दिसतो. एक सरकारी खातं, हसण्याचे परवाने देणारं. माणसाने आपला विनोद आधी तीन अधिकाऱ्यांना सांगायचा. तिघांपैकी एकजण जरी हसला तरी विनोद धोकादायक, परवाना नाही. घस्सान तिन्ही अधिकारी व्हायचा. पहिल्याच्या मिशा थरथरायच्या, दुसरा फाइलमागे तोंड लपवायचा, तिसरा नुसता दगडासारखा बसायचा आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

शुभदा हसली. नुसती हसली नाही — सोफ्याचा हात धरून, वाकून, नाकातून घुर्र असा आवाज काढून हसली. तो आवाज मी विसरलो होतो. लग्नाच्या आधी, एका हॉटेलात, माझ्या एका नकलेवर तिने तो काढला होता आणि मग तोंडावर रुमाल धरला होता. त्या आवाजावर मी लग्न केलं होतं, म्हटलं तरी चालेल. आणि तो आता हा माणूस काढत होता, मोडक्या जर्मनमध्ये.

मी हसलो नाही. दातांवर दात ठेवून बसलो. घस्सानला वाटलं मी खेळात भाग घेतोय. माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “बघा, हा सगळ्यात चांगला तिसरा अधिकारी.” शुभदा पुन्हा हसली. आता सांगा, माझ्यासारख्या माणसाने कुठे बघायचं?

त्या वर्षी रमजानच्या शेवटालाच दिवाळी आली होती. आमचं स्नेहसंमेलन ठरलेलं होतं, चर्चचा हॉल भाड्याने घेऊन. एका संध्याकाळी खाली येताना शुभदा जिन्यातच म्हणाली, “अहो, घस्सानला बोलवू या का आपल्या कार्यक्रमात? तो जर्मनमध्ये सांगेल. पोरांना तरी कळेल एकदा. तुमच्या वेळी ती सगळी बाहेर जाऊन बसतात.”

हे खरं होतं. आमची सई तेव्हा बारा वर्षांची. मराठी समजायचं, उत्तर जर्मनमध्ये. माझा कार्यक्रम सुरू झाला, की ती दारापाशी. त्या संध्याकाळी तीही आमच्याबरोबर वर आली होती. त्याच सईने मागून घस्सानच्या मिशांची नक्कल केली आणि म्हणाली, “या, बिट्टे, पापा.” हो ना, प्लीज.

मी म्हणालो, “गेनाऊ, अगदी बरोबर. मी विचारतो त्याला.”

मी विचारलं नाही.

इतकंच केलं असतं तर एक वेळ — नाही, ‘एक वेळ’ वगैरे काही नाही. दोन दिवसांनी शुभदाने विचारलं, काय म्हणाला? आणि मी, मंचावर जसा क्षणभर थांबतो तसा थांबलो. चेहरा लांब केला. म्हणालो, “नाही म्हणाला गं. म्हणाला, मी गरीब माणूस. अगदी हाच शब्द वापरला. तुमच्यासारख्या लोकांत कसा येऊ, असं म्हणाला. तू विषय काढू नकोस, माणूस स्वाभिमानी आहे.”

तो हे म्हणालाच नव्हता. शब्द मात्र त्याचाच होता. शुभदाला त्याचे आमच्या भाषेतले शब्द माहीत होते, त्यामुळे तिचा लगेच विश्वास बसला. त्याचा खरा अर्थ तिला माहीत नव्हता. तो माहीत असलेला त्या घरात मी एकटा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, ती सांगण्यातली अर्धी गोष्ट. शुभदाचे डोळे भरले. तिने चार बायकांना फोन केले. त्यांनी आपापल्या नवऱ्यांची कपाटं उघडली. तीन मोठ्या निळ्या पिशव्या भरून जुने कोट, पँटी, स्वेटर जमा झाले. माझं तपकिरी कॉर्डरॉयचं जाकीटही त्यात, चेन तुटलेली होती म्हणून. मी ऑफिसात असताना शुभदाने सईला पुढे घालून ते वर पोचवले. ‘मदत’ हा शब्द तोंडातून निघू नये म्हणून दोघी फार काही बोलल्याच नाहीत. संध्याकाळी सई मला म्हणाली, “एर हाट गेफ्राग्ट, बिस वान.” त्याने विचारलं, कधीपर्यंत हवेत?

कधीपर्यंत. म्हणजे त्या शिंप्याला वाटलं, हे काम आहे. मला त्याच क्षणी कळलं. एक जिना चढायचा होता. सोळा पायऱ्या.

मी सईला विचारलं, मग तू काय सांगितलंस? ती म्हणाली, दिवाळीपर्यंत.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पिशव्या दारात. सगळे कपडे धुतलेले, इस्त्री केलेले. तुटलेल्या चेन बदललेल्या, बटणं जुळवून लावलेली, कोपरांवर ठिगळं अशी की शोधावी लागावीत. प्रत्येक कपड्याला टाचणीने चिठ्ठी, काय दुरुस्त केलं त्याची. आणि वर एका पाकिटात बाकलावा, त्यांच्याकडची सणाची मिठाई. दोनच आठवड्यांत, दुकान सांभाळून, उपास धरून. पैसे घ्यायला तो आलाच नाही. शेजाऱ्यांना सणाची भेट, असं त्याने सईला सांगितलं.

शुभदा शरमेने लाल झाली. वर जाऊन सगळं सांगते म्हणाली. मी म्हणालो, “राहू दे. त्याला किती अपमान वाटेल, विचार कर.” आपण दान द्यायला गेलो होतो हे त्याला कळू नये म्हणून ती थांबली. मी का थांबवलं ते आता तुम्हाला माहीत आहे.

स्नेहसंमेलनात मी उभा राहिलो. पोरं बाहेर गेली. शुभदा पाणी आणायला उठली.

त्यानंतर ती वर जाईना. तिला त्याच्या डोळ्यांकडे बघवत नसे. पुढच्या रमजानला पहिल्या संध्याकाळी पाइपवर टकटक झाली. शुभदाने माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्र उलटलं. दुसऱ्या दिवशी झाली. आठवडाभर होत राहिली, रोज दोनदा, मग एकदाच. मग थांबली. वरून टीव्हीचा आवाज यायचा, पण भाग संपल्यावर नुसती शांतता. तो कुणाला करून दाखवणार?

एकदा त्याने मला सांगितलं होतं — दमास्कसला माझी अख्खी गल्ली हसायची, इथे तुम्ही दोघं आहात.

हिवाळ्यात तो भावाकडे ड्युसेलडॉर्फला निघून गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा दारातच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, या घरात तुम्ही मला घरीब ठेवलं नव्हतं. ‘नव्हतं’ असंच म्हणाला. तो गेल्यावर शुभदा हळूच म्हणाली, “बिचारा. किती लागलं असेल त्याला गरीब असण्याचं.” मी मान हलवली.

वर्षभरात मी त्याची गोष्ट केली. आम्ही दान करायला गेलो आणि दान इस्त्री होऊन परत आलं — कुणाला सुचेल असं? जाकीट घालून सांगतो. त्याच्या मिशा, त्याचं जर्मन, सगळं करतो. शेवटी सावकाश चेन वर ओढतो, तळापासून गळ्यापर्यंत, आणि हॉल हसून कोसळतो.

शुभदा आता पाणी आणायला उठत नाही. सोफ्याचा हात धरून हसते, नाकातून तो घुर्र आवाज काढून. दर वेळी.

चेन आजवर एकदाही अडकलेली नाही.